पानभर नकाशा

हसू नका, पण गावाचा नकाशा छापण्यावरून आमची ग्रामसभा मोडली. नळयोजनेची टाकी कुठे बांधायची ते ठरायचं होतं. लोकांनी समजून मत द्यावं म्हणून मी हौसेने पुस्तिका केली आणि भोकरदनच्या डीटीपीवाल्याला फोनवर सांगितलं, "नकाशा पानभर घ्या." नकाशा आडवा, पान उभं. त्याने तो वरखाली ताणून पान भरलं.

सभेत वरच्या गल्लीतल्या सखुमावशी उठल्या. "काय रे, आमची गल्ली एवढी लांब कधी गेल्ती? टाकी खाली बांधली तर आम्हाला पाणी यायचं न्हाई."

"मावशी, गल्ली तिथंच आहे. फक्त चित्र ताणलंय."

"मंग खोटं छापलं म्हण की!"

मी लॅपटॉप उघडून नकाशा मूळ मापात आणला आणि प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवला. आता खालच्या गल्लीतले रामकाका उठले. "वा! तिनं आरडाओरडा केला की गल्ली जल्दी जवळ आणली?"

"काका, मी काही ओढलं नाही. आधी ओढलेलं होतं, ते सोडलं."

"कशापायी ओढलं होतं?"

"पान भरायला."

मी काय बोलतोय, ते मलाही कळेना.

सरपंचबाईंनी पुस्तिका मिटली. "टाकीचं पुढच्या सभेत बघू. तवर तू एकदा बराबर ठरवून ये, आपलं गाव केवढं हाय ते."