निवांतरावांची सुधारणा

...आणि वर मलाच विचारतात, 'नऊ वर्षं तुम्ही काय करत होतात?' म्हणजे बघा, काम करत नाही तो, आणि जाब द्यायचा मी! बरं, चूक आहे असंही म्हणता येत नाही, कारण नऊ वर्षं त्याचा साहेब मीच होतो. पण तुम्हाला सांगतो, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की एखाद्याला नोकरीवरून काढायचं म्हणजे काय मोठंसं, बोलवायचं, बसवायचं, पाणी द्यायचं आणि 'उद्यापासून येऊ नका' म्हणायचं, संपलं. अहो, माणूस काढणं सोपंच असतं... कारण लिहिणं अवघड.

आमची कंपनी लिफ्टची. चार देशांत शाखा. आमच्या शाखेत मी कागदपत्र विभागाचा प्रमुख, आणि प्रमुख म्हणजे काय, तर चार टेबलं, अकरा कपाटं आणि एक खिडकी, जी उघडत नाही. लिफ्ट तपासून आलेला तंत्रज्ञ जो कागद आणतो तो टाइप करायचा, सही घ्यायची, फाइलला लावायचा. लिफ्टची फाइल, गिऱ्हाइकाची फाइल, नोकरीला लागणाऱ्याची फाइल, सोडून जाणाऱ्याची फाइल, सगळं आमच्याकडे. चार टेबलांवर चार माणसं. तिघं दिवसाला चाळीस-चाळीस कागद उरकतात. चौथे निवांतराव. खरं नाव वेगळं आहे, पण ते पगारपत्रकाच्या बाहेर कोणी वापरत नाही. त्यांचे दिवसाला सहा.

सहा! आणि आळशी म्हणाल तर तेही नाही. दहाच्या ठोक्याला हजर. कागद घेणार, सरळ करणार, मग उलटा करून मागे काही लिहिलंय का बघणार. मागे काही नसतं. नऊ वर्षांत कधी नव्हतं. तरी बघणार. मग चष्मा पुसणार, मग तो डोळ्यांवर ठेवून खरंच स्वच्छ झाला का याची खात्री करणार. मी एकदा मागे जाऊन उभा राहिलो, म्हटलं, 'निवांतराव, जरा हात चालवा की.' तर ते वळले, वळायलाच त्यांना वेळ लागतो, आणि म्हणाले, 'साहेब, लिफ्ट आहे. माणसं चढतात तिच्यात.' आता यावर काय बोलणार? म्हणजे बोलायला हवं होतं. मी काय बोललो माहितीये? 'बरं बरं, चालू द्या.' आणि ते चालू राहिलं, ते पार मुख्य कचेरीच्या नजरेत येईपर्यंत.

मुख्य कचेरी समुद्रापलीकडे. तिथले मोठे साहेब एका मंगळवारी पडद्यावर आले. त्यांच्या देशात कायदा असा की मालकाला वाटलं तर आजच काढणार, नोकराला वाटलं तर आजच सोडणार. सकाळी माणसाला नोकरी असते, दुपारी हातात खोका असतो, त्यात एक फोटो, एक कप, आणि चालला. तर साहेब म्हणाले, 'दिवसाला सहा? यात काही टायपिंगची चूक आहे का?' मी म्हटलं, 'नाही सर, टायपिंग त्यांनीच केलंय, चूक नसणार.' ते म्हणाले, 'हे बघा, तुमच्या विभागातून एक माणूस कमी व्हायलाच हवा. कोण आणि कसा ते तुम्ही बघा. सहा महिने देतो.' आणि मी काय म्हणालो? 'सहा महिने कशाला सर, महिन्यात करतो.' उचलली जीभ, लावली टाळ्याला.

गेलो एचआरच्या मॅडमकडे, ऐटीत. म्हटलं, 'निवांतरावांना काढायचंय.' मॅडम हसल्या. पुरे पाच सेकंद हसल्या, मग कपाटातून त्यांची फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. वार्षिक मूल्यमापनाचे नऊ फॉर्म. पहिल्या वर्षी 'उत्तम'. दुसऱ्या वर्षी 'उत्तम'. नऊच्या नऊ 'उत्तम', आणि खाली सही... 'ही सही कोणाची?' मॅडमनी विचारलं. आता स्वतःची सही ओळखता येत नाही असं कसं म्हणणार?

पण माझंही ऐका ना. तो फॉर्म कसा आहे? 'उत्तम'वर खूण केली की झालं. 'साधारण' किंवा 'असमाधानकारक'वर केली, की शेजारी मोठा रकाना, 'कारण किमान दहा ओळींत लिहा', आणि खाली संबंधिताशी बोलून त्याची सही घ्या. म्हणजे समोर बसवून त्याला वाचून दाखवायचं. कोण दाखवणार? वर्षअखेर, चार फॉर्म, शेवटचा दिवस, मी सगळ्यांना उत्तम करून मोकळा. एवढंच नाही, मॅडमनी फाइलीतून आणखी एक कागद काढला, सोनेरी काठाचा. 'आदर्श कर्मचारी.' अहो, दर महिन्याला कोणाला तरी द्यायचंच असतं ते, त्या महिन्यात त्यांची पाळी होती! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. माणूस काढणं सोपं असतं हो... कारण लिहिणं अवघड.

मॅडमनी मग मला कायदा सांगितला, लहान मुलाला सांगावा तसा. 'आपल्याकडे कर्मचाऱ्याला काढायचं तर काम कमी आहे हे सिद्ध करावं लागतं. आधी लेखी समज. मग प्रशिक्षण. या सगळ्याचा मिळून सुधारणा आराखडा, सहा महिने, रोजची नोंद. तरी नाही सुधारला तर कामगार अधिकाऱ्यापुढे सुनावणी. आणि नोंद कोण ठेवणार? त्याचा वरिष्ठ.' म्हणजे मी.

झालं, माझी खुर्ची निवांतरावांच्या टेबलाशेजारी. हातात वही. 'दहा वाजून दहा, कागद घेतला. दहा चौदा, उलटा केला. दहा सोळा, सुलटा केला.' असं मी लिहितोय, एकावन्न वर्षांचा माणूस, चार टेबलांचा प्रमुख! ते बिचारे मला विचारतात, 'साहेब, दहा सोळाला की सतराला? नीट बघून लिहा, पुढे अडचण यायला नको.' स्वतःविरुद्धची नोंद तपासून देत होते हो मला.

दर मंगळवारी शाखांची बैठक, पडद्यावर. एका चौकोनात मोठ्या साहेबांच्या देशातले एक गृहस्थ, माझ्याच हुद्द्याचे. आम्ही त्यांना खोकेवाले म्हणायचो. ते मला म्हणायचे, 'अजून तिथेच आहे तुमचा माणूस? मी या महिन्यात तीन काढले. एकाला तर जेवणाच्या सुट्टीत.' दुसऱ्या चौकोनात एक बाई, थंड देशातल्या, तिथले कायदे आमच्याहून कडक. त्या शांतपणे म्हणायच्या, 'माझं पाचवं वर्ष आहे एकाच माणसाचं. कोर्टात मी दोनदा हरले. आता त्याची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात आहे, दोघी एकत्र अभ्यास करतात.' तिसऱ्या चौकोनातले म्हणायचे, 'आम्ही घसघशीत रक्कम देतो, हात मिळवतो, पार्टी करतो.' मी म्हटलं, छान आहे, आमच्याकडे पार्टीलाही तीन सह्या लागतात. तर खोकेवाले खो खो हसायचे. आणि तुम्हाला सांगतो, तिसऱ्या महिन्यातल्या एका मंगळवारी त्यांच्या चौकोनात दुसराच चेहरा. मी विचारलं, 'आधीचे कुठे आहेत?' तो म्हणाला, 'आधीचे कोण?' त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही नीट.

मग प्रशिक्षण. टायपिंगच्या वर्गाला पाठवलं त्यांना, तीन आठवडे. आधी दोन बोटांनी करायचे, आता दहा बोटांनी करतात, पण दहाही बोटांना विश्रांती देतात. आणि इकडे काय झालं, तर माझं स्वतःचं काम पडलं. मी दिवसभर त्यांच्या शेजारी, माझ्या टेबलावर कागदांचा डोंगर. बाकीचे तिघं बघतात की साहेब सगळा दिवस सहा कागदवाल्याच्या दिमतीला, मग आपण चाळीस का मारायचे? तेही चाळिसावरून पस्तीस, पस्तिसावरून अठ्ठावीस. आणि मी, आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो, निवांतरावांचा आकडा फारच वाईट दिसायला लागला तसा मी त्यांचे दोन-तीन कागद गुपचूप टाइप करून द्यायला लागलो. का, तर आराखड्याच्या शेवटी एक ओळ होती, 'प्रशिक्षण देणाऱ्या वरिष्ठाचं मूल्यमापन'. त्यांना नापास करायचं होतं, पण मला नापास व्हायचं नव्हतं! आता हे घोडं कुठे पेंड खातंय ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

शेवटच्या आठवड्यात निवांतराव मला म्हणाले, 'साहेब, एक बोलू? एवढं लक्ष माझ्याकडे कोणी दिलं नाही. वडिलांनीसुद्धा नाही.' आणि मी, त्यांच्या विरुद्ध चार वह्या भरलेला माणूस, उठलो आणि बेसिनवर जाऊन तोंड धुऊन आलो. मनात आलं, जाऊ दे, मोठ्या साहेबांना सांगू, नाही होत. पण मोठे साहेब म्हणालेले, एक माणूस कमी व्हायलाच हवा. घरी दोन मुलं शिकतायत. नाही सांगितलं.

सुनावणी. कामगार अधिकारी म्हणजे एक वयस्क बाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी माझ्या चारही वह्या वाचल्या. एवढं मन लावून माझं लिखाण आजवर कोणी वाचलं नव्हतं. मग म्हणाल्या, 'सहावरून नऊ. दीडपट. ही तर सुधारणा आहे.' मी म्हटलं, 'मॅडम, बाकीचे चाळीस करतात.' 'करत होते,' त्या म्हणाल्या, 'तुमच्याच नोंदीत मागच्या महिन्यात अठ्ठावीस आहे. संपूर्ण विभागात ज्याचं काम वाढलं असा हा एकच माणूस दिसतो. आणि सहा महिने तुमचं काम कोण करत होतं?' मी वह्या गोळा करायला लागलो. तर निवांतराव उभे राहिले, सावकाश, आणि हात जोडून म्हणाले, 'बाई, साहेबांना काही बोलू नका. त्यांनी माझ्यासाठी फार कष्ट घेतलेत. माझे कागदसुद्धा टाइप करून द्यायचे.' घ्या! स्वतःच्या पायावर धोंडा मी पाडून घेतला होता, तो नीट बसवून दिला त्यांनी. निकाल काय लागला ते सांगायला नको. माणूस काढणं सोपं असतं... जाऊ दे.

पुढच्या मंगळवारी मोठे साहेब पडद्यावर. 'एक माणूस कमी व्हायचा होता.' मॅडम माझ्या शेजारी बसल्या होत्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'सर, चौघांना कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना हात लावता येत नाही.' साहेब म्हणाले, 'विभागात माणसं किती?' मॅडम म्हणाल्या, 'पाच.' पाचातून चार गेले, मी बोटांवर मोजलं, उरला एक. मी हळूच विचारलं, 'मॅडम, मीही कर्मचारीच ना?' त्या म्हणाल्या, 'नाही हो. तुम्ही व्यवस्थापक. कायदा व्यवस्थापकाला कामगार मानत नाही.' ज्या बढतीसाठी मी अख्ख्या इमारतीला गोड वाटलं होतं, ती बढती! नाकापेक्षा मोती जड. पत्र आलं, तीन ओळींचं. मी विचारलं, 'कारण?' मॅडम म्हणाल्या, 'तुमच्या बाबतीत लिहावं लागत नाही.'

घरी सांगितलं. बायकोनं आधी गॅस बारीक केला. मग म्हणाली, 'अहो, सहा महिने रोज सांगत होतात, आता निघेल, आता निघेल. निघालं ना शेवटी कोणीतरी?' आणि मग पदर डोळ्यांना लावला. एकावन्नाव्या वर्षी मला कोण घेणार, आणि पाठीशी अनुभव कसला, तर एका माणसाला न काढता आल्याचा.

पण थांबा, एक आशेचा किरण होता. कंपनीचा नियम असा की सोडून जाणाऱ्याच्या फाइलवर अकरा विभागांच्या सह्या झाल्या, की मगच तो हजेरीपटावरून उतरतो. तोवर यायचं, बसायचं, पगार चालू. आणि माझी फाइल वाटपात कोणाच्या टेबलावर गेली? निवांतरावांच्या! मॅडमनी डोळे मिचकावले, म्हणाल्या, 'वर्षभर तरी बघायला नको.' मीही मनातल्या मनात सगळं मांडलं, अकरा सह्या, त्यांचा वेग, मधल्या सुट्ट्या, चष्मा. बायकोला फोन केला, म्हटलं, रडू नकोस, धाकट्याचं शिक्षण होईपर्यंत मी इथेच आहे. त्या दिवशी दुपारी मी खरंच त्यांच्या पाया पडायचा बाकी होतो.

आणि चार वाजता, हो, त्याच दिवशी चार वाजता, जिन्यावरून धपधप आवाज. निवांतराव. धावत! घामाघूम, चष्मा नाकावर घसरलेला, तो न पुसता माझ्यापुढे फाइल ठेवली. अकराच्या अकरा सह्या. म्हणाले, 'साहेब, सात मजले जिन्यानं केले, लिफ्टसाठी थांबलो नाही. म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, निदान तुमचं काम तरी माझ्यापायी भिजत पडायला नको.' डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. माझ्याही. मी खाली बसलो, ते कागद एकदा बघितले, आणि तुम्हाला सांगतो, नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्या माणसाला म्हटलं, 'अहो निवांतराव... एवढी घाई काय होती?'