गाईडचा घसा

नणंद: ...आणि ती खिडकी लावून घ्या म्हणून मी मघापासून सांगतेय. दातांत वाळू कचकचतेय माझ्या.

वहिनी: लावलेलीच आहे, वन्सं. फटीतून येतेय.

नणंद: दादा बरा सुटला. पाय प्लास्टरमध्ये घालून घरी बसला आणि आपलं तिकीट माझ्या गळ्यात मारलं.

वहिनी: तुम्हीच म्हणालात, मी जाते वहिनींबरोबर.

नणंद: म्हटलं एकट्या कशा जाल. तुम्ही तोंड उघडून कुणाकडे पाणीसुद्धा मागायच्या नाहीत. ते बघा, गाईड आले. अहो, उतरायचं कधी?

गाईड: दहा मिनिटांत... स्टेशन येईल, ताई. तिथून बस.

नणंद: मोठ्यानं बोला की. कानगोष्टी काय करताय?

गाईड: घसा बसलाय. काल दिवसभर धुळीत बोललो.

नणंद: मग बसमधून वाळवंट दाखवणार कसं? हातवारे करून?

गाईड: तीच चिंता आहे. मागच्या महिन्यात माझी एक तक्रार गेलीय. दुसरी गेली की मला गोदामात बसवतील, तंबू मोजायला. बावीस वर्षं हे वाळवंट दाखवतोय मी.

नणंद: अहो मग ह्यांना द्या ना माईक. बत्तीस वर्षं स्टेशनवर गाड्यांच्या वेळा ह्याच सांगायच्या. अख्खं गाव ह्यांच्या आवाजावर घड्याळ लावायचं.

वहिनी: वन्सं.

नणंद: खोटं आहे का?

वहिनी: चार वर्षांपूर्वी तिथे मशीन आलं. तेव्हापासून मी माईकला हात लावलेला नाही. लावायचाही नाही.

गाईड: ताई, वहीत सगळं लिहिलंय. नुसतं वाचायचं.

वहिनी: अक्षर कोणाचं हे?

गाईड: माझंच.

वहिनी: मुंग्या शाईत बुडवून सोडल्यासारखं आहे. आणि ‘टेकडी’ची वेलांटी चुकलीय.

नणंद: म्हणजे वाचता येतंय तर.

वहिनी: वाचीन. पण नुसतं वाचीन. कुणी काही विचारलं तर उत्तर देणार नाही, आधीच सांगून ठेवते.

*

वहिनी: प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. डाव्या बाजूला दिसणारी टेकडी वाऱ्याने रचलेली असून ती दरवर्षी वीस पावले पुढे सरकते.

नणंद: वहिनी, अहो थांबा. बसमधले निम्मे लोक पिशव्या घेऊन उभे राहिले.

वहिनी: का?

नणंद: तुमचा आवाज ऐकून त्यांना वाटलं गाडी आली.

गाईड: उत्तम वाचताय, ताई. फक्त... जरा कमी सरकारी.

वहिनी: मला दुसरं येत नाही.

(थोड्या वेळाने. वाळूचं वादळ उठलंय. बस जागच्या जागी उभी आहे, बाहेरचं काही दिसत नाही.)

नणंद: वहिनी... इथेच आहात ना?

वहिनी: तुमच्या शेजारीच तर आहे. हात द्या इकडे. केवढा गार पडलाय.

गाईड: ताई, लोक उठायला लागले. ते बघा, एक जण दार उघडायला चाललाय. दार उघडलं तर सगळी वाळू आत येईल. मला ओरडता येत नाहीये.

वहिनी: वादळाचं वहीत कुठल्या पानावर आहे?

गाईड: नाही लिहिलेलं. ते मी तोंडीच सांगतो.

वहिनी: मग मला सांगा. चटकन. किती वेळ चालतं?

गाईड: वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. या दिवसांत आठवड्याला एखादं येतंच. रुमाल ओला करून नाकाला लावायचा. इंजिन आम्हीच बंद केलंय, आत वाळू जाऊ नये म्हणून.

वहिनी: आणि ड्रायव्हर?

गाईड: त्याला डुलकी लागलीय.

वहिनी: छान. आणा तो माईक. ...प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. दार उघडू नये. दाराजवळच्या गृहस्थांनी आपल्या जागेवर बसावे. हो, तुम्हीच, निळी टोपी. आपल्या बसवरून जाणारे वाळूचे वादळ अंदाजे अर्ध्या तासात पुढच्या मुक्कामाला रवाना होईल. इंजिन बिघडलेलं नाही, मुद्दाम बंद ठेवलंय. ड्रायव्हरसाहेब झोपलेत. त्यांना झोप लागलीय, म्हणजे काळजीचं काही नाही.

नणंद: हसले हो. मागचे हसले. निळी टोपी बसली.

वहिनी: रुमाल ओला करून नाकाला लावावा. दर तीन मिनिटांनी मी पुन्हा सांगेन.

गाईड: पुन्हा काय सांगणार, ताई? आणखी काही सांगण्यासारखं नाही.

वहिनी: हेच सांगणार. एकदा पुरात चौदा गाड्या अडकल्या होत्या. माझ्या हातात बातमी एकही नव्हती. तरी दिवसभर बोलत राहिले. माणूस उशिराला घाबरत नाही हो. कुणी काही बोलेनासं झालं की घाबरतो.

नणंद: हे मला कधी बोलला नाहीत.

वहिनी: तुमचं बोलणं चालू असायचं.

नणंद: घरी कुणी नसतं ना, वहिनी. मुलं परगावी गेल्यापासून गप्प बसलं की घर खायला उठतं. म्हणून तर रोज संध्याकाळी तुम्हाला फोन करते.

वहिनी: मला वाटायचं, भावाची चौकशी करायला करता.

नणंद: त्याची कसली चौकशी करायचीय. तो खातो, झोपतो.

वहिनी: आणि मी भाजी चिरत नुसतं हं हं करत बसायची. ...हात सोडू नका. तीन मिनिटं झाली. प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. वादळ अजून आहे, आणि आम्हीही आहोत.

*

वहिनी: आता उजवीकडे बघा सगळ्यांनी. हे वहीत नाही, मी बघून सांगतेय. बसच्या चाकांच्या खुणा पुसल्या गेल्यात. वाळू अशी दिसतेय, जशी कुणी आत्ताच इस्त्री करून अंथरलीय. तीन उंट बसले होते, ते उठून अंग झटकताहेत. ...काय म्हणालात, निळी टोपी? उंट डोळ्यांत वाळू कशी जाऊ देत नाही? मला माहीत नाही. थांबा, गाईडना विचारून सांगते.

गाईड: पापण्या. दुहेरी केस असतात.

वहिनी: पापण्यांना केसांच्या दोन-दोन रांगा असतात म्हणे. आमच्या वन्संना एक रांग पुरत नाही, काजळ लावायला.

नणंद: माईकवरून सांगताय काय.

*

गाईड: ताई, काल संध्याकाळी सगळ्यांचे अभिप्राय घेतले. तक्रार एकच आहे.

वहिनी: माझी?

गाईड: ड्रायव्हरची. घोरत होता म्हणून. तो स्वतःच हसतोय त्यावर. तर... आजही बसमध्ये... जरा बोलाल का? घसा अजून तसाच आहे हो.

वहिनी: तुम्ही पुढे बसा. गरम पाणी पीत राहा.

नणंद: वहिनी, ऐका इकडे. त्याचा घसा ठणठणीत बरा झालाय. सकाळी चहावाल्याशी मोठमोठ्यानं गप्पा मारत होता. मी माझ्या कानांनी ऐकलंय.

वहिनी: मीही ऐकलंय.

नणंद: मग?

वहिनी: मग काही नाही. जरा सरका, माईकची वायर तुमच्या पायाखाली आलीय.