ब्लॉकवरचा खोलगट भाग

उल्हासनगरच्या मशीनशॉपमध्ये अवधूतच्या आधी एका बाईंचा नंबर होता. कैलास मिस्त्री त्यांच्या जुन्या फियाटच्या इंजिन ब्लॉकवर स्टीलची पट्टी ठेवून सपाटी बघत होता.

"ताई, हे मधेच खोलगट झालंय. कोणी घासलं?"

"ह्यांनी. गॅस्केट जाऊन पाणी गळायला लागलं की पॉलिश पेपर घेऊन अंगणात बसायचे."

"अहो, घासल्यामुळेच जात होतं."

"मला वाटायचं तसं. पण खूश असायचे हो."

"आता मशीनवर वरचा थर काढून सपाट करतो."

"म्हणजे त्यांनी घासलेलं सगळं जाणार?"

"ठेवलं तर परत पाणी गळेल."

"काढा मग. आधी एकदा हात फिरवू?"

"काळा होईल हात."

"होऊ दे."

बऱ्याच वेळाने, बाईंचा हात ब्लॉकवरून अजून फिरतच होता तेव्हा, मिस्त्रीने अवधूतकडे बघितलं.

"मला घाई नाही," अवधूत म्हणाला.