गेटवरच्या कॉम्प्युटरबाबत

नाव व पत्ता वरच्या रकान्यात भरून घेतला आहे, तो बरोबर आहे. वय ६१ वर्षे. काम: शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत सहायक होते, आता निवृत्त. सध्या लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर दुरुस्त करून, ज्यांना विकत घेणे परवडत नाही त्यांना फुकट देते. राहणार थोरल्या बहिणीसोबत, चष्म्याच्या दुकानामागे, तळमजला.

मी आज शनिवार, ४ तारखेला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या पायांनी पोलीस ठाण्यात आले. मला कोणी बोलावले नाही आणि कोणी पढवूनही पाठवलेले नाही. विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे.

गल्लीत मला स्क्रूमावशी म्हणतात. खऱ्या नावाने चौकशी केलीत तर कोणी ओळखणार नाही, म्हणून हेही लिहून ठेवा. आमच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत हे काम चालते. ताई कीबोर्ड उघडून दात घासायच्या ब्रशने साफ करते, मी आतले काम पाहते. गेल्या सहा वर्षांत तीनशे अकरा मशीन दिली. आज रांगेत त्रेचाळीस जण आहेत.

माझी पद्धत ठरलेली आहे. आलेल्या प्रत्येक मशीनची वहीत एक मोठी ओळ होते, पानाला चारच मावतात. मागच्या बाजूला छापलेला नंबर, अंगावरच्या खुणा, आतले घड्याळ चालते की नाही, मशीन शेवटचे कधी चालले होते (हे त्याच्या स्वतःच्या नोंदीत दिसते, कोणाचे काही उघडावे लागत नाही), आणि मी ते कधी पुसले. कॉम्प्युटर बंद असला तरी त्याच्या पोटातल्या एका चपट्या सेलवर घड्याळ चालू राहते. घड्याळ बरोबर असेल तर सेल चांगला. म्हणून ती वेळ मी आमच्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून लिहिते. त्यानंतर डिस्क पुसते. नुसती पुसत नाही, वरून तीनदा कोरे लिहिते. त्यात अख्खी दुपार जाते. मी पुसलेले पुन्हा कोणाच्या बापाला काढता येत नाही, असे मी सर्वांना सांगत आले आहे. लिहून घेणारे साहेब 'बाप' हा शब्द गाळत होते. मी तोच वापरते, तेव्हा तोच लिहा.

आणखी एक नियम आहे. पुसण्याआधी आतले काही वाचायचे नाही. लोकांची पत्रे असतात, दुखणी असतात, नवरा-बायकोची भांडणे असतात. दुसऱ्याच्या घरात जाऊन कपाटे उघडण्यातला हा प्रकार आहे. हा नियम मी सहा वर्षांत एकदाही मोडलेला नाही.

गेल्या महिन्यात गुरुवारी, ११ तारखेला, दुपारी दोनच्या सुमारास पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याचे व्यवस्थापक गाडीतून सहा कॉम्प्युटर घेऊन आले. मी त्यांना आधी ओळखत नव्हते. बोलायला फार गोड माणूस. स्वतः दोन डबे उचलून आत आणून ठेवले. म्हणाले, "आमच्याकडे परवा एक दुर्दैवी प्रकार झाला. एक कामगार गेला. त्याची मुलगी शिकतेय. यातला एक तिला द्या, बाकीचे तुम्ही ठरवा." मला बरे वाटले. टाकाऊ सामान खपवायला येणारे पुष्कळ असतात, घेणाऱ्याचा विचार करणारा एखादाच.

जाताना त्यांनी विचारले, "पुसता म्हणजे पूर्ण पुसता ना? की काही राहतं?" मला त्या प्रश्नाचा राग आला. मी वर सांगितलेले वाक्य त्यांना ऐकवले. ते हसले. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी त्यांचे दोन फोन आले, पुसून झाले का म्हणून. मी ताईला म्हटले, माणूस काळजीवाहू आहे. त्या वेळी मला हेच वाटले. आज त्याची लाज वाटते.

शुक्रवारी, १२ तारखेला सकाळी दहा वाजता मी त्यातला तिसरा कॉम्प्युटर उघडला. त्यावर "गेट" असे लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. ती मी थिनरने काढली. कीबोर्डवरची अक्षरे नव्यासारखी होती आणि आकडे झिजून गुळगुळीत झाले होते. ताई म्हणाली, "हा जो कोणी वापरत होता, त्याने जन्मात कोणाला एक ओळ लिहिली नाही गं. नुसते आकडे बडवलेत." आतले घड्याळ चालू होते, आमच्यापेक्षा चार मिनिटे पुढे. मशीन शेवटचे बुधवारी, १० तारखेला सकाळी ९ वाजून ५२ मिनिटांनी बंद केलेले होते. हे सर्व वहीत त्याच दिवशीच्या तारखेने आहे. वही सोबत आणली आहे, पान ८७, ओळ चौथी.

मशीन चालू केल्यावर मी काही न उघडता एक पान आपोआप पडद्यावर आले. कामगारांची हजेरी होती. एका बाजूला आत आल्याची वेळ, दुसऱ्या बाजूला बाहेर गेल्याची. सगळ्या ओळी पांढऱ्या होत्या आणि एक लाल. त्या लाल ओळीत बाहेर गेल्याची जागा रिकामी होती. वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत "आत असलेले: १" असे होते. मी पान बंद केले. पाहिले ते दोन-तीन सेकंद.

पान बंद करताना मी ताईला म्हणाले, "बघ, सगळे घरी गेले, एक बिचारा अजून आतच आहे." ताई म्हणाली, "त्याला म्हणावं, डबा पाठवू का?" आम्ही दोघी हसलो. कोणी तरी बाहेर जाताना नोंद करायला विसरला असेल, एवढेच आमच्या मनात आले. व्यवस्थापकांनी आदल्या दिवशी कामगार गेल्याचे सांगितले होते, तरी माझ्या डोक्यात ते आले नाही. मला विचारलेले नसताना हे सांगते आहे. हसलो, हे लिहायलाच हवे.

त्यानंतर दुपारी साडेबारा ते पाच या वेळेत मी ती डिस्क तीनदा पुसली.

सहा मशीनांमध्ये तेच सर्वांत चांगले निघाले. धूळ कमी, पंखा शांत. म्हणून मुलीसाठी मी तेच निवडले. मला कोणी तसे सुचवले नाही. नवा कीबोर्ड लावला, ताईने पडदा पुसून लख्ख केला. शनिवारी, २० तारखेला कारखान्याच्या कचेरीत ते मुलीला देण्यात आले. व्यवस्थापकांनी एका बाजूने धरले होते, मुलीने दुसऱ्या, आणि फोटो निघाला. मुलीचे वय एकोणीस असावे. फोटो काढणारा तिला "जरा हसा" म्हणाला. ती हसली नाही. तिने मला वाकून नमस्कार केला, मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

परवा गुरुवारी, २ तारखेला दुपारी चारच्या सुमारास ती मुलगी आमच्याकडे आली. तिने त्याच कॉम्प्युटरवर एक अर्ज लिहिला होता आणि छापून हवा होता. समास वाकडातिकडा होता, म्हणून मी दुरुस्त करायला घेतला. दुसऱ्याचे वाचायचे नाही हा नियम इथे लागत नव्हता, तिने स्वतःच वाचा म्हटले होते.

अर्जातला मजकूर थोडक्यात असा. तिचे वडील सोमवारी, ८ तारखेला दुपारी तीनच्या पाळीला गेले. रात्रपाळीचा माणूस आला नाही म्हणून त्यांना ठेवून घेतले, सकाळचाही आला नाही म्हणून पुन्हा ठेवून घेतले. मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ते रोलरमध्ये सापडले आणि गेले. तेव्हापासून चार दिवस कारखाना बंद होता. कारखान्याचे म्हणणे असे की, ते सोमवारी रात्री अकराला बाहेर पडले, तशी कागदावर नोंद आहे. मंगळवारी ते न बोलावता, पिऊन आत शिरले आणि मशीनला हात घालून बसले. गेटवरचा कॉम्प्युटर वर्षभरापासून बंद असल्याने हजेरी कागदावरच होते, असेही कारखान्याने लेखी दिले आहे.

मुलगी मला म्हणाली, "मावशी, बाबा घरी आलेच नाहीत. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं होतं. सकाळी ते तसंच होतं. ते पीत नव्हते. आता सगळे म्हणतात पीत होते. आईसुद्धा परवा म्हणाली, बाहेर कुठे घेत असतील तर मला काय माहीत."

मी वही काढली. पान ८७ काढून मुलीसमोर ठेवले. वर्षभर बंद असलेला कॉम्प्युटर बुधवारी सकाळी कोणी बंद केला, हे मी तिला विचारले. मग लाल ओळीचे सांगितले. "आत असलेले: १" हेही सांगितले. हसल्याचे तेव्हा सांगितले नाही. तिने वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवले. नंतर म्हणाली, "म्हणजे ते माझ्या घरीच होतं. मी रोज त्याच्यासमोर बसत होते." ताई चहा करते म्हणून आत गेली ती बाहेर आली नाही. मी आत जाऊन पाहिले तेव्हा चहा ठेवलेलाच नव्हता.

काल शुक्रवारी सकाळी मी व्यवस्थापकांना फोन करून विचारले की, गेटचे मशीन चालू होते, मग बंद कसे म्हणता. ते साडेदहाला घरी आले. म्हणाले, "मावशी, तुमचं काम मोठं आहे. आमच्या कचेरीतले वीस लॅपटॉप निघतायत, सगळे तुम्हालाच. फक्त ती वही दोन दिवस द्या, आमच्या यादीशी ताडून बघतो." वीस लॅपटॉप म्हणजे माझी निम्मी रांग. माझ्या तोंडाला पाणी सुटले, हे खोटे कशाला बोलू. पण वही दिली नाही. ताईने त्यांना दार दाखवले. गुडघे दुखतात तिचे, तरी उठून दार उघडून उभी राहिली, ते जाईपर्यंत.

आता मुद्द्याचे सांगते. काल संध्याकाळी सहाला मुलगी पुन्हा आली. ती कोणा जाणत्याला भेटून आली होती. ती म्हणाली, "वहीवरून मशीन चालू होतं एवढंच सिद्ध होतं. कोण आत होतं ते होत नाही. मावशी, त्या ओळीत बाबांचं नाव होतं, असं तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलं तर सगळे मानतील." मी म्हणाले, मी नाव वाचले नाही. ती म्हणाली, "पण होतं ना तेच! दुसरं कोण असणार? तुम्ही वाचलं नाही म्हणून ते खोटं होतं का?" मग म्हणाली, "तुम्हीच पुसलंत." एवढेच बोलली. आवाज चढवला नाही.

मी रात्रभर विचार केला. ताई म्हणाली, "सांगून टाक. देवसुद्धा माफ करेल." मला वडिलांचे नाव आता माहीत आहे, हजेरीचा नंबरही माहीत आहे. तो त्या ओळीत बसवून सांगणे मला अवघड नव्हते. परंतु उद्या भर कोर्टात व्यवस्थापकांचा वकील विचारील, बाई, तुम्ही वाचत नाही म्हणता, मग हे एकच कसे वाचले? त्यावर मी अडखळले की वहीही खोटी ठरेल, ८७ पानेही खोटी ठरतील. हे एक कारण. दुसरे असे की, मी पाहिले नाही. त्या माणसाबद्दल एका बाजूने खोटे बोलले गेलेच आहे.

तेव्हा माझे सांगणे असे. मी लाल ओळ पाहिली. बाहेर गेल्याची जागा रिकामी पाहिली. आत असलेले एक, हे पाहिले. नाव, नंबर, तारीख वाचली नाही. मशीनचा छापील नंबर वहीत आहे, तो मुलीच्या घरच्या मशीनवरच्या नंबराशी जुळवून पाहावा. मशीन बुधवारपर्यंत चालू होते आणि माझ्याकडे चालू स्थितीत आले, हे मी कुठेही, कोणासमोरही सांगेन. डिस्क तपासायला पाठवणार असाल तर पाठवा. काही निघणार नाही, मी काम नीट केले आहे.

मुलगी माझ्यासोबत आली असून बाहेर बाकावर बसली आहे. मी आत काय सांगणार, हे तिने वाटेत विचारले नाही आणि मीही बोलले नाही. तोंडावर सांगायचे मला धैर्य झाले नाही. म्हणून मी साहेबांना विनंती केली की, हा जबाब वाचून दाखवताना दार उघडे ठेवावे आणि जरा मोठ्याने वाचावा.

त्याप्रमाणे दार उघडे ठेवून वाचला. आम्ही हसलो, ते वाचले तेव्हा मुलीने वर पाहिले, पण बसून राहिली. "नाव, नंबर, तारीख वाचली नाही" इथपर्यंत वाचून झाल्यावर ती उठली आणि बाहेर निघून गेली. साहेब थांबले. मी त्यांना पुढे वाचा म्हणाले. उरलेला जबाब मी एकटीने ऐकला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. त्यात काही बदलायचे आहे का, असे विचारले असता, नाही.