धुडकू ‘चालेल’ म्हणाला

(कोसाडच्या वसाहतीतला समाजहॉल. भर दुपार. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर नाटकाची वही. समोरासमोर निंबा आणि नॉर्वेहून आलेला इव्हार.)

निंबा : म्हणजे अडीच तास एकच माणूस खुर्चीवर बसून माफी मागतो?

इव्हार : दोन तास दहा मिनिटे. मध्यंतर नाही.

निंबा : मध्यंतर नाही, मग लोकांनी पळायचं कधी?

इव्हार : निंबाभाऊ, हे प्रायश्चित्त आहे. प्रायश्चित्ताला मध्यंतर नसते.

निंबा : आमच्याकडे प्रायश्चित्ताला जेवण असतं, ईश्वरभाई. पंगत बसते, लोक ढेकर देतात, विषय संपतो.

इव्हार : कृपया मला इव्हार म्हणा.

निंबा : आमच्या अख्ख्या कारखान्याची जीभ वळली नाही म्हणून तुमचा ईश्वरभाई झाला. आता हे नाटक बघायला ती चाळीस माणसं कुठून गोळा करू? बरं, तुमच्या नॉर्वेत चाललं हे नाटक?

इव्हार : एकोणीस प्रयोग. आमच्या गावात पूर्वी मासे खारवायचा कारखाना होता, त्याचे आम्ही नाट्यगृह केले. प्रेक्षक रडत असत.

निंबा : वासानं?

इव्हार : याबाबत मला अजून निश्चित काही सांगता आलेले नाही.

निंबा : चांगली पेपरातली नोकरी होती तुमची. बक्षीस मिळालं होतं. कुणी सांगितलं होतं हे नाटकाचं खूळ?

इव्हार : ते बक्षीस धुडकूच्या छायाचित्राला मिळाले. समारंभात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मी त्यांचे हात मोजत बसलो. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. त्रेचाळिसाव्या वर्षी नाट्यशाळेत गेलो. वर्गातली मुले वीस वर्षांची. पहिल्या वर्षी त्यांनी मला झाडाची भूमिका दिली.

निंबा : झाडाची?

इव्हार : सगळे म्हणाले, चांगले झाले. नंतर मी दिग्दर्शक झालो. मग पुण्याला दोन हिवाळे राहून आपली भाषा शिकलो. धुडकूची क्षमा मला दुभाष्याकडून मागायची नव्हती.

निंबा : तेच तर. तेव्हा तुम्हाला एक अक्षर येत नव्हतं. फार बरं होतं.

इव्हार : कोणासाठी बरे होते?

निंबा : हवेसाठी. पंखा वाढवू का?

इव्हार : निंबाभाऊ, आपण सकाळपासून अकराव्या पानावर अडला आहात.

निंबा : ते पान काढून टाका. लांब होतंय.

इव्हार : आताच आपण म्हणालात, अख्खे नाटक लांब आहे.

निंबा : मग सुरुवात अकरापासून करा ना कापायला!

इव्हार : हेच तर सगळ्यात महत्त्वाचे पान आहे. ऐका. “दसऱ्याचा दिवस. कारखाना बंद. मशीनवर झेंडूच्या माळा. संध्याकाळी माझे विमान. मी म्हणालो, मला चालते मशीन हवे, फोटोसाठी. निंबाने विचारले. धुडकू म्हणाला, चालेल. मशीन सुरू झाले. माळ पट्ट्यात ओढली गेली. पूजेची माळ चिरडू नये म्हणून धुडकूने हात घातला. मी बटण दाबले. कॅमेऱ्याचे.”

निंबा : वाचलंत ना? आता पान उलटा.

इव्हार : पुढे तर आणखी वाईट आहे. मी पेपरात लिहिले की मालक सणालाही कामगारांना राबवतो. मालक त्या वेळी घरी होता.

निंबा : फाफडा-जिलेबी खात होता बिचारा मगनसेठ. दवाखान्यात आला तेव्हा बोटांना पाक तसाच. परदेशी ऑर्डरी गेल्या, सहा महिन्यांत शटर खाली. आम्ही चाळीस जण चाळीस कारखान्यांत पांगलो. ते सगळं ठेवा नाटकात. एक शब्द फक्त काढा.

इव्हार : कोणता?

निंबा : “चालेल.”

इव्हार : अशक्य. तो या नाटकातला एकमेव चांगला शब्द आहे. एका गरीब माणसाने एका अनोळखी पाहुण्याला दिलेला होकार! मी त्याचा गैरफायदा घेतला. तो शब्द काढला तर माझा अपराध कसा समजणार?

निंबा : “धुडकूनं मान हलवली” असं करा.

इव्हार : पत्रकार असताना मी एकदा खोटे लिहिले. म्हणून शपथ घेतली आहे, रंगमंचावर एक अक्षरही बदलणार नाही.

निंबा : अहो, धुडकू आत्ता येणार. तुम्हीच बोलावलंत. त्याच्यासमोर वाचणार?

इव्हार : अर्थात. प्रयोगालाही पहिल्या रांगेत त्याची खुर्ची आहे.

निंबा : अकरा वर्षं झाली, ईश्वरभाई. त्याच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरलीत. डाव्या हाताची नखं त्याला कापता येत नाहीत, ती दर रविवारी मी कापतो. नेलकटर माझा. पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये वॉचमनची जागा मी लावून दिली. त्याच्या पोरीच्या लग्नात मी वाढपी होतो. आणखी काय करू?

इव्हार : आपण फार चांगले मित्र आहात. अपराध तर माझा आहे.

निंबा : सगळा तुमचा नाही.

इव्हार : कृपया. मला धीर देऊ नका.

निंबा : धीर कोण देतंय! धुडकू “चालेल” म्हणालाच नव्हता.

इव्हार : मी स्वतः ऐकले. आपण म्हणालात, “येस, ही सेज येस.”

निंबा : ते मी म्हणालो. तो अहिराणीत म्हणाला होता, आज नको, आज मशीन चालवत नाहीत, पूजा झालीय. दोनदा म्हणाला.

इव्हार : दोनदा.

निंबा : दुसऱ्यांदा जरा जोरात.

इव्हार : म्हणजे एकोणीस प्रयोग... एकोणीस रात्री मी लोकांना सांगितले...

निंबा : नॉर्वेच्या लोकांना काय फरक पडतो?

इव्हार : आपण असे का केलेत?

निंबा : आला. धुडकू आला. दाराशी चप्पल काढतोय. ईश्वरभाई, तुमच्या पाया पडतो.

धुडकू : राम राम. हाऊच ना तो? दाढी पांढरी झाली की हो.

इव्हार : नमस्कार, धुडकूभाऊ. कृपया बसा.

धुडकू : आयला, हा तर शाळामास्तरासारखा बोलतो! निंबा, आता तुले काय काम उरलं?

निंबा : मी चहा सांगून येतो.

धुडकू : बस तू. ईश्वरभाई, नाटकाचं निंबानं माले सांगितलं. मी पेपर वाचत नही, पण तुमच्यावर एक राग शे. बोलू?

इव्हार : त्यासाठीच मी आलो आहे.

धुडकू : बोटाचा राग नही. बोटं मन्ही, हात मीच घातला. पण मी सांगत होतो, आज नको. दोनदा सांगितलं. निंबा म्हणे, साहेब ऐकत नही, दोन मिनिटं म्हणतो. तेवढं मन्हा मनातून जात नही. माणसानं सांगितलं आज नको, तर पाहुण्यानं ऐकू नये का? का ऐकलं नही?

इव्हार : मी... होय. आपण सांगितलेत. मी ऐकले नाही. चूक माझी आहे.

निंबा : ईश्वरभाई.

इव्हार : मला घाई होती. मी ऐकले नाही. नाटकातही मी तसेच लिहीन.

निंबा : अहो, शपथ घेतली होती ना तुम्ही? एक अक्षर बदलणार नाही म्हणत होता आत्ता!

इव्हार : कृपया चहा सांगा.

निंबा : नाही. धुडकू, इकडे बघ. याला कुणी सांगितलंच नव्हतं.

धुडकू : काय?

निंबा : तू “आज नको” म्हणालास. मी याला म्हटलं, येस. आणि तुला म्हटलं, साहेब ऐकत नाही. याला काही माहीत नव्हतं.

धुडकू : काहून?

निंबा : नकार इंग्लिशमध्ये फार लांब होता रे. दसरा, पूजा, मशीनला त्या दिवशी हात लावत नाहीत... एवढं मला कुठून येणार? बारावीला इंग्लिशमध्ये एक्केचाळीस मार्क होते. मागे चाळीस माणसं उभी. सगळ्यांना वाटत होतं, निंबा फाडफाड बोलतो. होकार एका शब्दाचा होता.

धुडकू : तेवढ्यासाठी?

निंबा : तेवढ्यासाठी.

धुडकू : दवाखान्यात मन्हा उशाला रात्रभर बसला होता तू.

निंबा : हो.

धुडकू : तेव्हा तरी सांगायचं.

निंबा : तेव्हा तू भूल उतरल्यावर पहिलं काय म्हणालास आठवतं? “निंबा शे म्हणून मी वाचलो.” मग कसं सांगू?

इव्हार : धुडकूभाऊ, निंबाभाऊंची चूक असेल, तरी मूळ मागणी माझी होती. अपराध—

धुडकू : थांबा हो. तुम्हा दोघाले अपराधाची फार हाव शे. एक इचारतो, खरं सांगा. निंबानं तेव्हा बरोबर सांगितलं असतं, धुडकू आज नको म्हणतो, तर तुम्ही काय केलं असतं? नाटकातलं नका सांगू.

इव्हार : विमान सहाचे होते. मी पुन्हा विचारले असते. म्हणालो असतो, फक्त दोन मिनिटे.

धुडकू : अन् मी?

इव्हार : ते मला माहीत नाही.

धुडकू : माले माहीत शे. सकाळी तेल लावून भांग पाडून आलो होतो मी. परदेशात फोटो छापणार म्हणून नवा शर्ट. तिसऱ्यांदा इचारलं असतं तर... जाऊ दे. हे घाला नाटकात.

इव्हार : हे सगळे?

धुडकू : सगळं. निंबालेबी घाला. अन् ती पहिल्या रांगेची खुर्ची नको. मी दाराजवळ बसेन. मध्यंतर नही म्हणतात.

निंबा : धुडकू, काही तरी बोल ना मला. शिवी दे.

धुडकू : रोज संध्याकाळी ड्युटीहून येताना तू घरी येतोस ना?

निंबा : हो.

धुडकू : उद्या येऊ नको. एक दिवस माले राग धरू दे.

निंबा : बरं.

धुडकू : परवा ये.