शिळेवरची मोकळी जागा

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती अक्षरकाका आणि काकू, आणि खुर्च्या कमी पडल्या तरी कुरकुर न करता भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, नमस्कार.

स्मारक समितीचा चिटणीस म्हणून मला काकांविषयी चार शब्द बोलायला सांगितलंय. युद्धात गेलेल्या आपल्या गावच्या जवानांची चौकातल्या शिळेवरची सगळी नावं काकांच्या छिन्नीची. उद्या ते लेकीकडे कायमचे राहायला निघालेत. हातांनीच रजा मागितली, असं ते म्हणतात. काकूंचं म्हणणं वेगळं आहे. ते त्या चहाच्या वेळी सांगतील.

शिळेची आपली एक रीत आहे. स्मृतिदिनाला ज्या घरचं नाव, त्या घरानं ते धुवायचं. पहिल्या रांगेत बसलेल्या, दवाखान्यात जन्मभर नर्स असलेल्या आपल्या सिस्टरआजीही दरवर्षी बादली-फडकं घेऊन येत आणि नावांच्या मधली मोकळी जागा धुवून जात. नव्या मंडळींसाठी सांगतो. आजींचा धाकटा लढाईत बेपत्ता झाला. पुढे सरकारनं त्याला मृत धरलं, आजींनी धरलं नाही. "नाव कोरलंत, म्हणजे मीच त्याला घालवला," म्हणाल्या. म्हणून त्याच्या सोबत्यांच्या मध्ये जागा राखली.

काका दरवर्षी विचारायला जायचे. आजींचं उत्तर ठरलेलं. "हत्यारं बाहेर ठेव नि आत ये. विषय काढलास तर चहात साखर मिळणार नाही!"

यंदा पेच पडला. काकांनंतर कोरायचं तर यंत्रानं, आणि अक्षरं वेगळी दिसणार. हे आजींच्या कानावर घालावं, असं समितीत काहींचं मत होतं. पण ते समजावणं झालं असतं की दडपण? मला अजूनही ठरवता येत नाही. आम्ही गप्प राहिलो. काका नुसता निरोप घ्यायला गेले. मी सोबत होतो.

"आज हात हलवत आलास?" आजींनी विचारलं.

"विचारायला नाही आलो, सिस्टर. गाव सोडतोय."

"मग ती जागा?"

"राहील की. कोण हात लावतोय?"

आजी कोरडा कप पुसत राहिल्या. "आणि उद्या मला वाटलं तर?"

"मशीन आहे."

"मशीन! माझ्या पोराचं नाव दुकानाच्या पाटीसारखं? अरे, आधी बोलायला काय झालं होतं तुला?"

"बोललो की साखर बंद."

आजी हसल्या आणि रडल्या. आधी काय, ते मला नक्की सांगता येणार नाही. मग म्हणाल्या, "कोर."

काल सकाळी नाव पुरं झालं. काकांनी भुकटी फुंकली. आजींनी त्यावर तळहात टेकला. आम्ही धास्तावून डॉक्टरांनाही बोलावून ठेवलं होतं. आजींनी एक लांब श्वास सोडला. "इतकी वर्षं मीच त्याला बाहेर उभं करून ठेवलं होतं. जा बाळा, बस आता त्यांच्यात." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "तुमचाच चेहरा उतरलाय. बसा जरा."

हे सांगायला आजींनी परवानगी दिली, त्यांचे आभार. सभागृहाचे, आपल्या सर्वांचेही आभार. कुणाचा उल्लेख राहिला असेल, काही अधिक-उणं बोललो असेन, तर ते पोटात घाला.

काका, निर्धास्त जा. शिळेवर तुमचं आता काहीही काम उरलेलं नाही.