बाराव्या पाटीची हाक

चेला : पण राजीनाम्यावर सही करायची एवढी घाई काय होती, वस्ताद?

वस्ताद : घाई कसली. बत्तीस वर्षं ओंडके वाहिले. आता कान गेले. कान गेलेल्या माणसानं त्या डोंगरात गाडी घालू नये.

चेला : डॉक्टर काय म्हणाले?

वस्ताद : कान ठणठणीत आहेत म्हणाला. बंद खोलीत शिट्ट्या ऐकवून त्याला काय कळणार? तू वायरलेसवर हाक दिलीस आणि मला ऐकू आली नाही, याहून मोठी तपासणी कुठली?

चेला : पाय कसा आहे?

वस्ताद : हाड जुळेल रे. झोप येत नाही ती वेगळ्याच कारणानं. रस्ता एका गाडीपुरता. भरलेल्यानं दर किलोमीटरच्या पाटीला हाक द्यायची, रिकाम्यानं बाजूला थांबायचं. हे तुला शिकवलं कोणी? मी. आणि मीच रिकामी गाडी घेऊन बाराव्या पाटीच्या वळणावर तुझ्यासमोर.

चेला : तुम्ही गाडी चरात घातलीत म्हणून मी वाचलो.

वस्ताद : मग काय करणार? तुझ्या पाठीशी तीस टन लाकूड. करकचून ब्रेक मारला असतास तर ओंडके केबिन फोडून तुझ्या अंगावर आले असते. तुझ्या बायकोला काय तोंड दाखवलं असतं मी? माफी मागतोय तुझी, मागू दे.

चेला : मी हाक दिलीच नव्हती.

वस्ताद : काय म्हणालास?

चेला : वायरलेस बंद होता. मीच केला होता. सकाळी वर माझी गाडी चिखलात रुतली, तेव्हा सगळे वायरलेसवर मला चिडवत होते. तुम्ही म्हणालात, याला बैलगाडी द्या. सगळे हसले. रागानं बटण फिरवलं आणि अठराव्या पाटीपासून तसाच खाली आलो.

वस्ताद : चौकशीत तर हाक दिली म्हणालास.

चेला : साहेबांनी विचारलं, मी नुसती मान हलवली. मग तुम्हीच म्हणालात, माझे कान गेले. मला वाटलं, नाहीतरी दोन वर्षांत घरीच बसणार आहेत. लाज वाटते, वस्ताद. आजही पायाची चौकशी करून निघूनच जाणार होतो.

वस्ताद : बैलगाडी मी म्हणालो होतो?

चेला : हो.

वस्ताद : मला आठवतही नाही.

(चेला उठतो.)

चेला : आत्ता ऑफिसात जातो. लेखी देतो. माझी गाडी गेली तरी चालेल.

वस्ताद : जा. पण आधी आत, स्वयंपाकघरात जा.

चेला : काकूंकडे?

वस्ताद : तिला सांग. पंधरा दिवस ती माझ्याशी ओरडून बोलतेय, आणि मी ऐकून घेतोय.